मा क्लोटील्डच्या ताटावर जेवलेला माणूस

येप्पेने पाठीवरची पिशवी अजून ओसरीवर टेकवली नव्हती, तेवढ्यात विचारलं, "इथले लोक खोलीचे किती देतात?"

मी म्हटलं, "इथले लोक खोली घेत नाहीत. त्यांना घरं आहेत."

तो हसला. ही जात अशीच हसते. पुढच्या वाक्यात भाव पाडायचा असतो ना, म्हणून आधी दात दाखवायचे. माणूस डेन्मार्कचा, वय पस्तिशीच्या पुढे, नाक उन्हाने सोलून निघालेलं. पायातल्या बुटांच्या किमतीत माझा फ्रीज आला असता. तरी हिल्सबरोच्या बंदरावरून येताना मिनीबसवाल्याशी भाड्यावरून भांडून आला होता. मला ते अभिमानाने सांगितलं वर. म्हणे, "मी पर्यटक नाही, इस्मे. मी प्रवासी आहे. मी तुमच्यासारखा राहतो."

आमच्यासारखं राहायचं तर आधी पाण्याच्या टाकीच्या तळातली घाण काढावी लागते. पण पाहुण्याला पहिल्याच दिवशी काय बोलायचं! दोन्ही खोल्या मला माझ्या भावासाठी आणि त्याच्या सामानासाठी रिकाम्या ठेवायच्या होत्या, म्हणून मी त्याला ओसरीवरची दोरीची झोळी दिली. हॅमॉक म्हणतात ती. तिचाही भाव त्याने पाडलाच. आंघोळीच्या पाण्याचे पैसे वेगळे लावू नकोस, म्हणाला. नाही लावले.

मग तो राहिला. सकाळी अंगणात पडलेले आंबे उचलून खायचा. "पडलेत म्हणजे फुकटच ना?" दुपारी माझ्या चुलीवर सार्डिनचा डबा गरम करायचा. सगळं फोनवर बोलून ठेवायचा, त्याचे ऐकणारे होते म्हणे हजारो, विमान न पकडता आणि खिसा हलका न करता ही बेटं कशी फिरायची ते त्याच्याकडून शिकणारे. त्याला आता दक्षिणेला, पलीकडच्या किनाऱ्याला उतरायचं होतं. आमच्या कॅरियाकूहून त्रिनिदादला माल आणायला जाणाऱ्या लाकडी बोटी माणसं नेत नाहीत. म्हणूनच त्याला त्यातूनच जायचं होतं. रोज धक्क्यावर जाऊन कॅप्टन लोकांना गळ घालायचा. आमचा चुलतभाऊ लेस्टर, त्याची एक बोट आहे, त्याने तर याला पाहिलं की दोरखंड आवरायचं नाटक सुरू केलं होतं.

तेवढ्यात माझा भाऊ ॲल्बन ब्रुकलिनहून आला. सोबत आमच्या आईच्या, मा क्लोटील्डच्या थडग्याचा दगड घेऊन आला आणि एक कागद.

दगडाचं सांगते. मा जाऊन सहा वर्षं झाली होती. पण आमच्यात माणूस पुरलं म्हणजे झालं, असं नसतं. थडग्यावर दगड बसत नाही तोवर मेलेलं माणूस बूड टेकत नाही, उभंच राहतं. मा माझ्या स्वप्नात ओल्या पायांनी यायची आणि विचारायची, "इस्मे, बसू कुठे गं?" ॲल्बनच्या स्वप्नातही जात असणार. तो कबूल करत नाही. तो म्हणतो, न्यूयॉर्कमध्ये स्वप्नं पडायला वेळ नसतो. पण तिकीट काढून दगड घेऊन आला की नाही?

कागद घराचा होता. समुद्राला लागून असलेली ही जागा आईने मासे विकून उभी केलेली. माची खोली, पाहुण्यांच्या दोन खोल्या, एक ओसरी, मागे चिंचेचं झाड. ती तिने कोणा एकाच्या नावावर केली नाही. दोघांची सही असल्याशिवाय एक खिळासुद्धा हलत नाही. आणि आता कोणत्या तरी हॉटेलवाल्यांना आमचा किनारा हवा होता.

"तुझा अर्धा वाटा घे," ॲल्बन म्हणाला, "आणि वर डोंगरात सिमेंटचं छान घर बांध."

"डोंगरात माझ्याकडे कोण राहायला येईल? बकऱ्या?"

"किती दिवस तू या भिकारड्यांची अंथरुणं घालणार आहेस?" त्याने झोळीतल्या येप्पेकडे बोट केलं. येप्पेने हात हलवून नमस्कार केला. त्याला वाटलं ओळख करून देतोय.

"या भिकारड्यांवर मी जेवते, ॲल्बन. तू पाठवलेल्या नाताळच्या कार्डांवर नाही."

आमची मावशी, टँटी युफेमिया, पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. घरातलं सगळ्यांत जुनं माणूस. ती म्हणाली, "भांडा, भांडा. तुमची आई उभी आहे तिकडे, तिला करमणूक."

मी पेटलेले होते. मी म्हटलं, "मग तिलाच विचारू! टँटीसमोर सांगते. आईबापाच्या ताटावर तिला विचार. ती हो म्हणाली तर मी तिथल्या तिथे सही करते."

ॲल्बनने डोळे मिटून हसून मान हलवली. अमेरिकेत राहून आलेले असे हसतात. म्हणाला, "ठरलं."

मी इतकं मोठं बोलून गेले, कारण मला उत्तर ठाऊक होतं. रात्रभर मांडून ठेवलेल्या ताटावर मेलेली माणसं येतात, पण येऊन सांगतात किती? मेणबत्ती सरळ जळली, रम बोटभर खाली गेली, भाताच्या गोळ्याला किंचित खळगा पडला, एवढ्यावर टँटी अर्थ लावते. आणि टँटीला ही जागा जावी असं मुळीच वाटत नव्हतं. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

दगड बसवायच्या आदल्या दिवशीच्या जेवणाला अख्खा गाव आला. ढोल वाजले, दोन मेंढ्या पडल्या, कोंबड्या किती पडल्या ते मोजायला कोणाला वेळ नव्हता. मोठाल्या पातेल्यांत मक्याच्या पिठाचं कुकू घोटून माझे खांदे गेले. अशा दिवशी आमच्याकडे कोणाला नाही म्हणत नाहीत. शत्रू आला तरी केळीच्या पानावर वाढायचं, वाटसरूला तर हात धरून बसवायचं. मी येप्पेलाही सकाळीच सांगून ठेवलं होतं, "आज पैशांचं नाव काढू नकोस. या घरात आज जे शिजलंय ते सगळ्यांचं."

त्याचे डोळे पाणावले. इतकं सुंदर वाक्य त्याने कोणत्याच बेटावर ऐकलं नव्हतं म्हणे. फोनसमोर मला ते परत म्हणायला लावलं.

आणि मग हा गाढव जेवायच्या वेळी डोंगरावर फोटो काढायला गेला.

संध्याकाळी, पाहुणे पांगल्यावर, टँटीने माच्या खोलीत ताट मांडलं. पांढरं कापड, मेणबत्ती, पाण्याचा पेला, जॅक आयर्न रमची बाटली, इतकी कडक की तिच्यात बर्फ टाकला तर तो बुडतो. एक अख्खी कोंबडी, कुकू, तळलेला मासा, भाताचे गोळे. सगळं बिनमिठाचं. मेलेल्यांना मीठ घालत नाहीत. मिठाने पाय जड होतात आणि मग त्यांना समुद्र ओलांडता येत नाही. हे आम्ही बाहेरच्याला सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि विचारतंय कोण?

ॲल्बन टेबलासमोर उभा राहिला. सूट घातला होता, घामाने भिजलेला. म्हणाला, "मा, ही जागा विकायची म्हणतोय. तुला पटत असेल तर पोटभर जेव."

पोटभर. तेवढा एक शब्द त्याने जास्तीचा टाकला, आणि त्याचं मला हसूच आलं. टँटीने दार ओढून घेतलं. कडी लावायची नसते. मेलेल्यांनी काय कड्या काढत बसायचं?

सकाळी टँटीने दार उघडलं आणि जागच्या जागी खाली बसली.

ताट धुतल्यासारखं स्वच्छ. कोंबडीची हाडं चोखून एका कडेला रचलेली. माशाचा काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. रम अर्ध्यावर. आणि रुमाल, आईने कधी आयुष्यात घडी घातला नसेल असा, चौकोनी घडी घालून ठेवलेला.

"क्लोटील्ड!" टँटी ओरडली. "अगं बये, क्लोटील्ड! किती भूक लागली होती तुला!"

ॲल्बन माझ्या मागून आत आला, ताट पाहिलं आणि भिंतीला टेकला. त्याचा विश्वास नव्हता, लक्षात ठेवा. तो सूटच्या बाहीने डोळे पुसायला लागला. "मा," म्हणाला, "मा, सगळं खाल्लंस?"

मीही खोटं कशाला बोलू, माझाही विश्वास बसला. आमच्या गावात कोणाच्या आईने ताट असं संपवल्याचं ऐकिवात नव्हतं. बोटभर रम गेली तरी लोक वर्षभर सांगत फिरतात. पोटभर जेव म्हटलं आणि ती हाडंसुद्धा चोखून गेली. याहून मोठा होकार काय असतो?

टँटी रडत म्हणाली, "तू शब्द दिलायस, पोरी."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "पेन आण, ॲल्बन."

तो पेन आणायला गेला. मला त्या खोलीत थांबवेना. सहा वर्षं मला विचारत होती कुठे बसू, कुठे बसू, आणि बसायची जागाच विकून टाक म्हणते? मी ओसरीवर आले. झोळीतून एक सोललेलं नाक वर आलं.

"इस्मे! काल रात्रीसाठी खूप खूप आभार. मला वाटलं मला उशीर झाला, सगळं संपलं. बाहेर पातेली पालथी घातलेली. आणि तू माझ्यासाठी टेबल मांडून ठेवलं होतंस. मेणबत्ती लावून! मी कुठे कुठे फिरलोय, पण असं कोणी केलं नाही."

मी झोळीजवळ गेले.

"एक सांगू? राग नको मानूस," येप्पे म्हणाला. "मीठ विसरलीस."

मी त्याला दंडाला धरून झोळीतून ओढला. तो अर्धा जाळ्यात अडकलेलाच आत आला.

"हा जेवलाय!" मी ओरडले. "मा नाही, हा!"

ॲल्बन पेन घेऊन उभा होता. "वा! सही करायची वेळ आली आणि तुला साक्षीदार सापडला."

"विचार त्याला! जेवण कसं होतं विचार!"

"फार छान," येप्पे म्हणाला. त्याला कळेना आपल्याला बक्षीस मिळतंय की मार. "फक्त मीठ नव्हतं."

टँटीने मान वर केली. "तुला कोणी सांगितलं मीठ नव्हतं ते?"

"कोणी नाही. जिभेला कळलं."

येप्पेने रुमालाकडे पाहिलं, मग मेणबत्तीकडे, मग आमच्याकडे. हळूच म्हणाला, "हे दुसऱ्या कोणाचं होतं का?"

"माझ्या आईचं," मी म्हटलं.

"अरेरे. मग ती काय जेवली?"

"ती मेलीय."

माणसाच्या तोंडचं पाणी पळताना मी खूप वेळा पाहिलंय, पण सोललेल्या नाकाचा रंग उतरताना तेव्हाच पाहिला. मला वाटलं, संपलं आता. ताट बाटलं, होकार रद्द, ॲल्बनने कागद घ्यावा आणि विमानात बसावं. एकदा खरं सांगितलं की सगळे गुमान खरं मानतात अशी माझी समजूत होती. मी टँटी युफेमियाला विसरले होते.

टँटी उठली, येप्पेभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या तोंडाकडे जवळून बघितलं.

"या बेटावर माणसं किती?" ती म्हणाली. "आणि कुत्री किती? दार नुसतं लोटलेलं होतं. आला कोण? हाच. ना बोलावलेला, ना सांगितलेला, उपाशी. मेलेल्यांना दात नसतात, इस्मे. जेवायचं म्हटलं तर कोणाचे तरी दात लागतात. क्लोटील्डने याचे घेतले."

"टँटी, हा फुकट मिळालं म्हणून जेवला!"

"तुझी आई कधी विकत जेवली होती?"

ॲल्बन किती भरभर विचार करतो ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आधी घाबरलेला, मग विचारात पडलेला, मग खूश. "टँटी बरोबर बोलते," तो म्हणाला. "मा याच्या तोंडाने जेवली."

"जेवली," टँटी म्हणाली, "म्हणजे बोलेलही. दुपारी दगडाला अंडं आणि तांदूळ वाहून झाले की चिंचेखाली मी याला विचारणार. हा जे सांगेल ते क्लोटील्डचं. तोवर याला कोणी हात लावायचा नाही."

म्हणजे माझं घर आता येप्पेच्या जिभेवर आलं. याला बसचं भाडं धड देता येत नव्हतं.

सकाळभर मी भांडी घासत होते आणि खिडकीतून बघत होते. ॲल्बन त्याला घेऊन किनाऱ्यावर फेऱ्या घालत होता, खांद्यावर हात टाकून. काल भिकारडा होता तो. थोड्या वेळाने त्यांनी लेस्टरलाही बोलावलं. लेस्टरने आधी मान नाही नाही हलवली, मग ॲल्बन काहीतरी बोलला, मग त्याने खांदे उडवले. येप्पेने दोघांना मिठी मारली. न समजण्यासारखं त्यात काय होतं? त्रिनिदादची बोट. फुकट.

येप्पे पाणी प्यायला आत आला तेव्हा मी त्याला गाठला.

"किती स्वस्तात विकला गेलास रे?"

"इस्मे, तू चुकीचं समजतेस. मला खरंच वाईट वाटतंय." तो चुलीजवळच्या स्टुलावर बसला. "मला मोठी हॉटेलं आवडत नाहीत. मी दरवेळी सांगतो माझ्या लोकांना, हॉटेलात जाऊ नका, इस्मेसारख्या बायकांकडे राहा. अशाच जागा खऱ्या आहेत."

"मग सांग तसं दुपारी."

"पण ही तुमची कौटुंबिक, धार्मिक गोष्ट आहे. मी बाहेरचा. माझ्या एका शब्दाने थोडंच घर जाणार आहे? एक रीत आहे ती, पार पाडायची."

"एका शब्दानेच जाणार आहे. तोच तर तू बोटीसाठी विकलास."

त्याने खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं. "आणि असा बोटीचा प्रवास मला विमानाने गेलो तर मिळणार नाही ना."

मी त्याला काय देऊ केलं असतं सांगा? खोली? झोळी त्याला मी जवळपास फुकट दिलेलीच होती. आंबे तो उचलत होताच. पाणी, चूल, आंघोळ, सगळं मी आधीच देऊन बसले होते. लाच द्यायची तर आधी काहीतरी दाबून ठेवलेलं असावं लागतं, आणि माझ्या धंद्यात तेवढं हुशार कोणी नसतं. मी म्हटलं, "पेला विसळून ठेव."

दुपारी दगड बसला. त्यावर टँटीने रम शिंपडली, अंडं फोडलं, तांदूळ टाकले, मा क्लोटील्डला मोठ्याने हाक मारून सांगितलं की बस आता, दमली असशील. मग सगळे आमच्या चिंचेखाली आले. निम्मा गाव आला होता, कारण ताट संपल्याची बातमी कोंबड्यांनाही कळली होती. येप्पेला मध्ये खुर्चीवर बसवलं. ॲल्बन त्याच्या उजव्या हाताला, कागद गुडघ्यावर. मी समोर.

टँटी म्हणाली, "क्लोटील्ड, तू जेवलीस. आता तोंड उघड. या जागेचं काय करायचं?"

येप्पेने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा धक्क्याकडे. लेस्टरची बोट तिथे डुलत होती.

"विका," तो म्हणाला.

चिंचेखालून असा एक आवाज आला, ढोलावरचं कातडं सैल झाल्यासारखा. ॲल्बनने माझ्यासमोर कागद धरला. मी पेन हातात घेतलं. सांगून ठेवते, मी सही करणार होते. शब्द दिला होता टँटीसमोर, आणि मला आईच्या नावाने दिलेला शब्द गिळता येत नाही. ॲल्बनला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो तयार झाला होता.

"थांब गं, घाई काय आहे?" टँटी म्हणाली. "क्लोटील्डने कधी भाव न ठरवता माशाचं डोकं विकलेलं नाही. ॲल्बन, ते लोक किती देतात?"

ॲल्बनला तेच हवं होतं. तो उठून उभा राहिला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा म्हणाला, "साडेतीन लाख. अमेरिकन डॉलर."

लोकांनी तोंडावर हात ठेवले. मागून कोणीतरी "येशू!" म्हटलं.

टँटी खुर्चीकडे वळली. "ऐकलंस, क्लोटील्ड? साडेतीन लाख. कसा आहे भाव?"

आणि येप्पे हसला. ते त्याचं हसू. दात दाखवायचे, मग बोलायचं. मला वाटतं त्या क्षणी तो बोट विसरला, घर विसरला, आपण कोणाच्या बाजूने बोलतोय तेही विसरला. समोर कोणीतरी भाव सांगितला होता, बस्स.

"छे छे," तो म्हणाला. "पहिला भाव कधीच घ्यायचा नाही. निम्मा सांगायचा. आणि निघून जायला लागायचं. मागून हाक मारतात."



"निम्मा?" टँटी म्हणाली.

"निम्मा," येप्पे ठामपणे म्हणाला. "त्याच्यावर एक पैसा नाही."

"अरे मूर्खा, आपण विकतोय!" ॲल्बन ओरडला. "विकतोय आपण! घेत नाही आहोत!"

येप्पेचं तोंड उघडं राहिलं. पण टँटीने हात वर केला होता.

"मधे बोलू नकोस, पोरा. आई बोलली. विका, आणि निम्म्यात विका. इस्मे, कागदावर आकडा खोडून निम्मा लिही आणि सही कर."

"आनंदाने," मी म्हटलं. खरंच म्हटलं. जायचंच आहे तर सगळ्यांचंच जाऊ दे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

"टँटी, वेड लागलंय का? तो चुकून बोलला!"

"विका म्हणाला ते चुकून नाही, आणि निम्म्यात म्हणाला ते चुकून?"

"मघाशी ती मा होती! आता हा... हा..." ॲल्बनला शब्द सापडेना. कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या. "हा कोण आहे? झोळीत लोळणारा, पडलेले आंबे खाणारा! माझी आई सांगतोय मला? माझी आई बाजारात उन्हं उतरेपर्यंत बसायची. शेवटचा मासा वास मारायला लागला तरी भाव उतरवायची नाही, घरी आणून मांजराला घालायची! पाद्र्याला सुद्धा पूर्ण भावाने विकलाय तिने मासा! नाताळच्या दिवशी! मी पाटी धरून उभा होतो शेजारी, लाजेने मेलो होतो! आणि ती ही जागा निम्म्यात देईल? ही जागा? तिने हाताने चुना लावलाय त्या भिंतींना! ही माझी आई नाही. माझ्या आईला तुम्ही ओळखतच नाही!"

तो थांबला. त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडे बघताहेत.

टँटी शांतपणे म्हणाली, "नाही म्हणतोस?"

"नाही."

"नक्की? एकदा नाही म्हटलं की सगळंच नाही."

ॲल्बनने कागदाकडे पाहिलं. साडेतीन लाख तिथे अजून तसेच छापलेले होते. मग येप्पेकडे पाहिलं. येप्पे खुर्चीत जितकं आखडता येईल तितका आखडला होता.

"नाही," ॲल्बन म्हणाला. "ती मा नव्हती."

"म्हणजे क्लोटील्ड कालपासून उपाशी आहे," टँटी म्हणाली आणि दोन्ही हात टेकून उठली. "दगडावर बसवली आणि जेवू घातलं नाही. बाप रे! उठा. मेंढी बघा कोणाकडे आहे. ताट परत मांडायचं. खर्च ॲल्बनचा. नाही म्हणाला तो."

"माझं उद्या सकाळी विमान आहे, टँटी."

"मग काय, तिला विमानात जेवू घालणार? आणि ती जेवेपर्यंत घरात कोणी तोंडात घास घालायचा नाही. आपल्यामुळे उपाशी राहिली."

लोक हसत, कुजबुजत पांगले. पुढच्या दहा वर्षांची गोष्ट मिळाली होती त्यांना. लेस्टरने बोटीचा दोर सोडला आणि येप्पेला म्हणाला, "साहेब, सौदा 'विका' म्हणायचा होता. 'निम्म्यात विका' म्हणायचा नव्हता. मी निम्म्या वाटेपर्यंत सोडू का?" हे मात्र येप्पेला कळलं. तो ओसरीवर येऊन पिशवी भरायला लागला.

"हिल्सबरोला जातो," मला म्हणाला. "उद्याची ग्रेनाडाची फेरीबोट पकडतो. इस्मे, आजची रात्र मी झोळीत झोपत नाहीये, तर आजचे पैसे..."

त्याने माझा चेहरा पाहिला आणि पूर्ण पैसे काढून कठड्यावर ठेवले. मग पायवाटेने गेला. वळणावर मिनीबस थांबवून त्याने ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. बस तशीच निघून गेली. तो चालायला लागला.

मी त्याचे आभार मानावेत असं कोणी म्हणेल. म्हणोत. माझं घर सत्यामुळे वाचलं नाही, माझ्या हक्कामुळे वाचलं नाही, मी तिथे सहा वर्षं राबले म्हणूनही नाही. एका चिकट माणसाला चुकीच्या वेळी सवय आठवली म्हणून वाचलं. याचा मला जितका राग येतो तितका हॉटेलवाल्यांचाही येत नाही.

उन्हं उतरली तसे मी आणि ॲल्बन स्वयंपाकघरात होतो. सूट काढून त्याने माझा फुलाफुलांचा एप्रन बांधला होता. कोंबडी पकडताना पडला होता, कोपर खरचटलं होतं. कुकू घोटायला त्याला दिलं, कारण माझे खांदे कालच गेले होते. त्याच्या पोटातून आवाज येत होते.

"एक वाटाणा खाल्ला तर?"

"खा. टँटी बाहेर बसलीय, तिला सांगते."

"तू लहानपणीही अशीच चुगलखोर होतीस." थोडा वेळ घोटत राहिला. मग म्हणाला, "मी त्यांना नकार कळवलेला नाही अजून. हॉटेलवाल्यांना."

"मग ताटावर परत विचार. मी शब्द मागे घेतलेला नाही."

ताट त्याने स्वतः आत नेलं. टँटीने मेणबत्ती लावली आणि बाजूला सरकली. "विचार काय विचारायचं ते," म्हणाली.

ॲल्बन टेबलासमोर उभा राहिला, एप्रनला हात पुसले, तोंड उघडलं, मिटलं. मी दारात होते, मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

"जेव, मा," तो म्हणाला.

मी वाट पाहिली. टँटीनेही पाहिली. पुढे जागेचा प्रश्न आला नाही. त्याने कोंबडी ताटात थोडी सरकवली, तंगडी खुर्चीच्या बाजूला येईल अशी, आणि बाहेर आला.

"कडी कुठे आहे या दाराची?"

"कडी लावायची नसते, ॲल्बन."

"मग खुर्ची आण मला," तो म्हणाला. "गावात अजून एखादा डेन्मार्कचा असेल."

आणि दाराला पाठ लावून बसला, उपाशी, फुलाफुलांच्या एप्रनमध्ये, विमान विसरून.